शेंडीवाली लेन्स

विमानातून कॅमेरा कसा न्यायचा हे मला पक्कं माहीत होतं, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, मुंजी, लग्नं. त्या सुमारास रोलचे दिवस संपत आले होते आणि मी नुकताच मोठा डिजिटल कॅमेरा घेतला होता. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं (थेट लेन्सवर! मी झाकण मधे धरलं म्हणून वाचलो) आणि मी त्याच्यासाठी आतून जाड गादी शिवलेली, कप्प्याकप्प्यांची बॅग आणली. त्या बॅगेला घरात कुणीही हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. आमच्या घरात मी बजावलेलं कोण ऐकतं, हा प्रश्न वेगळा.

अशात नागपूरहून काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, फोन आला. आईची थोरली बहीण, माझी सुमनमावशी, फार आजारी होती. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. आईनं फोन खाली ठेवला, ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आमचा दोघींचा मिळून एकही फोटो नाही रे."

खरंच नव्हता. रत्नागिरीला लहानपणी फोटो काढायची चैन कुणाला परवडत होती? पुढे मावशी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि लग्नाकार्यात भेटल्या तरी एक फोटोत असली की दुसरी स्वयंपाकघरात. मुलगा फोटोग्राफर, जगातल्या बहिणींना 'जरा जवळ या, हसा' म्हणत हिंडणारा, आणि घरच्या बहिणी राहून गेलेल्या! मला मनापासून लाज वाटली. मी म्हटलं, "आई, आपण जाऊ. असा फोटो काढतो की बघत राहशील."

आईचे गुडघे इतक्या लांबच्या रेल्वेप्रवासाला तयार नव्हते, आणि विमानं नुकतीच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येऊ लागली होती. बाबा घर सांभाळायला राहिले. आम्ही मायलेक पहिल्यांदाच विमानात बसणार होतो. समोरचे मेहताभाई दोनदा विमानानं राजकोटला जाऊन आले होते, म्हणजे आमच्या बिल्डिंगचे वैमानिकच म्हणायचे. ते म्हणाले, "दीपकभाई, कॅमेरा हाथ में ही रखना. सामान में डाला तो फेकाफेकी में गया समझो!"

हे ज्ञान मी आईला येताजाता ऐकवलं. "फुटण्यासारखं ते सगळं माझ्या हातातल्या बॅगेत. बाकीचं सुटकेसमध्ये. कळलं?"

"कळलं," आई म्हणाली. एका शब्दात आणि वाद न घालता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निघायच्या आदल्या दिवशी खारीगावात एका लग्नाचा अल्बम पोचवायला गेलो, तेवढ्यात आईनं सगळी बांधाबांध उरकून टाकली.

सकाळी टॅक्सीवाला माझी बॅग डिकीत टाकायला निघाला. मी ओरडलो, "अरे हात मत लगाओ! बहुत नाजूक चीज है!" आईनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की मला भरूनच आलं. बॅग मांडीवर घेऊन मी काशीमिऱ्यापासून विमानतळापर्यंत एकाच आसनात बसलो.

"दीपू, उभीच धर हं ती."

"आडवी धरली तरी काही होत नाही आई."

"नको रे बाबा. उभीच धर."

आईला माझ्या व्यवसायाची एवढी काळजी! बॅग जरा जड लागत होती, पण व्यावसायिक सामान जडच असतं. मधूनच लोणच्याचा वास येत होता. मी नाक मुरडून टॅक्सीवाल्याकडे पाहिलं आणि काच खाली केली.

काउंटरवरच्या मुलीनं बॅगही सामानात द्यायला सुचवलं. मी तिला नाजूक उपकरणं या विषयावर छोटंसं व्याख्यान दिलं. सुटकेस सरकत आत निघून गेली आणि मी बॅग छातीशी धरून तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. बॅग यंत्रात गेली. यंत्र थांबलं. पडद्यासमोरचा माणूस पुढे वाकला.

"इसमें क्या है?"

"कॅमेरा," मी मान ताठ करून म्हणालो. "प्रोफेशनल."

"ये गोल-गोल क्या है?"

"लेन्स होगा."

"इतना गोल?"

"वाइड अँगल है," मी म्हणालो. (अडाण्यांना समजावताना धीर धरावा लागतो.)

"और इस लेन्स को चोटी कैसे है?"

एव्हाना मागची रांग माना उंचावून बघू लागली होती. गणवेशातल्या एका बाईंनी बॅगेची चेन उघडली. कॅमेऱ्याच्या कप्प्यात, चारी बाजूंनी मऊ गादीत, हळदकुंकू लावलेला नारळ बसला होता. शेंडी वर. मोठ्या लेन्सच्या लांबट कप्प्यात लालभडक कोकम आगळाची बाटली उभी होती. फ्लॅशच्या कप्प्यात लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. साइडच्या खिशात तेवढी माझी जादा बॅटरी होती, तीही कोपऱ्यात, पाहुण्यासारखी.

बायकांच्या तपासणीतून आई बाहेर आली आणि धावलीच. "अहो, उसको हात मत लगाओ! ओटी का नारळ है!"

"आई, कॅमेरा कुठाय?"

"सुटकेसमध्ये."

"सुटकेसमध्ये? मी काय सांगितलं होतं?"

"फुटण्यासारखं ते बॅगेत घाल म्हणालास ना? काच फुटते. कॅमेरा लोखंडाचा, त्याला काय होतंय? तरी मी पिठाच्या डब्यात ठेवलाय. भाकरीचं पीठ नेतेय ना ताईला. मऊ असतं. आंबे नाही का आपण पेंढ्यात घालत?"

"आई, मला कॅमेरा पिकवायचा नाहीये!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "माताजी, नारियल नहीं जाएगा. अचार भी नहीं. ये बोतल भी नहीं." लोणचं आणि आगळ बाजूच्या पिंपात गेलं. नारळाकडे त्यांचा हात वळला तसा आईनं तो दोन्ही हातांनी धरला.

"माझी मोठी बहीण आहे. बडी बहन. बहुत बीमार है. ह्या वेळी तिची ओटी भरायची राहिली तर..." पुढचं वाक्य तिला ना हिंदीत जमलं ना मराठीत.

इतका वेळ मला फक्त कॅमेरा दिसत होता. ही शेवटची ओटी आहे हे आईनं मनाशी कधीच धरलं होतं, हे मला त्या यंत्रापाशी कळलं.

बाई हळू म्हणाल्या, "नियम है माताजी. मैं क्या करूँ?"

आईनं नाक पुसलं. ओटीचा नारळ पिंपात टाकायचा? ते तर शक्यच नव्हतं. ती बाईंकडे नीट निरखून बघू लागली. "शादी हुआ क्या तुम्हारा?"

"जी."

"मग तुम्हारीच भरती. मेरी ताई के नाम से."

आणि पर्समधली कुंकवाची डबी काढून आईनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं! बाई गोंधळल्या, पण मागे सरकल्या नाहीत. गणवेशाला पदर कुठून येणार? त्यांनी किल्ल्या आणि पाकिटं ठेवायचा प्लास्टिकचा ट्रे पुढे केला. आईनं त्यात नारळ ठेवला आणि नमस्कार केला. मागच्या टायवाल्या गृहस्थानंही हात जोडले. (त्याला बहुधा हाही तपासणीचाच भाग वाटला असावा.) मग मी रिकामी बॅग उचलली आणि तितक्याच काळजीनं ती नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. दुसरं करणार काय?

विमानात मी आईशी अबोला धरला होता. ढगांच्या वर आल्यावर ती खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "दीपू, आपण पोचेपर्यंत ताई असेल ना रे?" अबोला तिथंच संपला.

मावशी होती. पलंगावर, उशांना टेकून, अगदी एवढीशी झालेली. आईला बघून तिनं नुसता हात पुढे केला. मी आतल्या खोलीत जाऊन पिठाचा डबा उघडला. कॅमेऱ्याला बांधलेली पिशवी प्रवासात सुटली होती. आतून जे निघालं ते थापायला घेतलेल्या भाकरीसारखं दिसत होतं. बटण दाबलं तर कर्रर्र आवाज आला आणि थोडं पीठ उडालं. दुसऱ्यांदा दाबलं तर पीठही उडेना.

मी तोंड पाडून बाहेर आलो. काका म्हणाले, "असू दे ना रे. माझा जुना डबडा आहे, रोलचा. एकच फोटो शिल्लक असेल त्यात." त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकचा कॅमेरा काढून दिला. माझ्या दुकानात असा कॅमेरा कुणी आणला असता तर मी हसलो असतो.

तिकडे मावशीनं बारीक आवाजात विचारलं, "माझी ओटी भरतेस ना गं? नारळ कुठाय?"

"विमानतळावरच्या पोलिसणीला दिला," आई म्हणाली. "ट्रेमध्ये."

आणि आईनं सगळं सांगितलं. लेन्स, शेंडी, वाइड अँगल, सगळं! मावशी आधी नुसती बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले. कित्येक दिवसांनी ती हसत होती. आईनं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून हसायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नीट दिसत नव्हतं. मी कॅमेरा उचलला आणि तो एकुलता एक फोटो काढला. संध्याकाळी काकांनी कोपऱ्यावरून नारळ आणला आणि मावशीची ओटी भरली गेली.

केबिन रोडला परत येऊन रोल धुतला. फोटोत दोघी हसत होत्या, अगदी जिवंत. आणि मावशीच्या बाजूच्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग होता. माझा अंगठा! पासपोर्टवाल्यांना कान दिसले पाहिजेत म्हणून दरडावणारा मी, भिंगावर अंगठा ठेवून बसलो होतो.

पुढच्याच महिन्यात मावशी गेली. भिंतीवर लावायला काकांना तोच फोटो हवा होता, त्यात ती हसत होती म्हणून. पण फोटोला हार घालायचा, आणि आई हयात. तेव्हा आईला कापणं भाग होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी ते काम करत होतो आणि आई शेजारी स्टुलावर बसली होती. फोटोतून आई गेली, पण मावशीच्या खांद्यावरची तिची चार बोटं काही केल्या कापता येईनात. मी म्हटलं, "थांब, ती पुसतो. आणि हा माझा अंगठाही काढतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," आई म्हणाली. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "माझी चार बोटं आणि तुझा अंगठा. आख्खा हात झाला की रे. राहू दे तिच्यासोबत."

तो फोटो नागपूरला भिंतीवर आहे. फोटो आमच्या मुंबईच्या भाच्यानं काढलाय, मोठा प्रोफेशनल आहे, असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि पुरावा म्हणून अंगठा दाखवतात. रोज सकाळी ते मावशीला हार घालतात, उदबत्ती ओवाळतात. आईला हयात म्हणून त्या फोटोतून काढलं. मीही हयात आहे, हे मात्र अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.