बोंबलाच्या दोरीवरची पुस्तकं

काल कपाटातून नद्यांवरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि घरभर सुक्या बोंबलाचा वास सुटला. बायकोने तडक खिडक्या उघडल्या. मी मात्र पुस्तकात नाक खुपसून थेट दोन हजार पाचच्या पुरानंतरच्या पनवेल कोळीवाड्यात जाऊन पोहोचलो.

पुरांवरची, पाण्यावरची माझी झाडून सगळी पुस्तकं पुरातच भिजली होती. ऊन पडल्यावर आमच्या मासळीवाल्या चंद्रामावशींनी ती खाडीकाठच्या अंगणात नेली आणि पावसाळ्यात रिकाम्या राहिलेल्या बोंबलाच्या दोऱ्यांवर एकेक उघडून टांगली.

"मावशी, वास लागेल."

"लागू दे. मांजरं तरी वाचतील."

मग एका पुस्तकातली चित्रं बघत त्यांनी हळूच विचारलं, "यात आमची खाडी हाय का, भाऊ?"

"नाही. सगळ्या मोठ्या नद्या आहेत."

त्यांचा चेहरा जरा उतरला. मग त्याच म्हणाल्या, "नाय तर नाय. समोर हाय ती, पुस्तकात कशाला पायजे?"

मलाही ते पटलं. आम्ही दोघं हसलो.

आता तिथे खाडीत भराव घालून रस्ता झालाय. मावशी गेल्या, अंगणही गेलं. खाडी अजून कुठल्याच पुस्तकात मला सापडलेली नाही.

मी बायकोला म्हटलं, "खिडक्या लाव. खाडी एवढीच उरलीय."