न कापलेला गजरा

ताण घालवायचे सोपे उपाय शिकवायला ऑफिसात आलेल्या बाई म्हणाल्या, "डोळे मिटा, खोल श्वास घ्या." मी घेतला, आणि शेजारणीच्या गजऱ्यातल्या मोगऱ्याने मला थेट पापडी गावातल्या आमच्या फुलांच्या वाडीत नेऊन सोडलं.

मी तेव्हा अकरा वर्षांची. विहिरीवरच्या पंपाचा शॉक लागून बाबा पडले होते. काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. मी दारापासून विहिरीपर्यंत नुसत्या फेऱ्या मारत होते. काकांचा फोन आला. तो ठेवून आईने मोगऱ्याची टोपली माझ्यापुढे ओढली आणि केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ओला दोरा हातात दिला.

"दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मग गाठ. दुसरा विचार करू नकोस."

खरंच, दहाबारा गाठींनी मन थाऱ्यावर आलं. बाजारासाठी आम्ही हातभर गजरा बांधून कापायचो, म्हणून विचारलं, "आई, कापू?"

"नको बाय. बांधत ऱ्हा."

दुपारभर बांधत राहिले. संध्याकाळी बाबांना आणलं, तेव्हा तो हार त्यांच्या गळ्यापासून पायांपर्यंत पोचला.

फोन ठेवतानाच आईला कळलेलं होतं.

"आता श्वास सोडा," बाई म्हणाल्या. मला तो सोडवेना.