आकारामआण्णा आणि फुकटातलं लिनक्स

शिवाजी पेठेत माझ्या बाइंडिंगच्या दुकानाला लागून आकारामआण्णांचं टायपिंगचं दुकान. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटे. माणूस भला, पण संशयी इतका की विचारू नका! दूधसुद्धा गवळी म्हशी घेऊन उभे असतात त्या दूधकट्ट्यावर जाऊन, म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेणार आणि घरी येऊन परत त्याचा वास घेणार.

जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि नवीन विंडोज त्यांच्या कॉम्प्युटरवर चालेना. दुकानात मदत करणारी त्यांची मुलगी अनुजा म्हणाली, "आप्पा, विंडोजच्या जागी लिनक्स टाकूया. फुकट हाय."

फुकट म्हटल्यावर आण्णा सावध.

"देणाऱ्याला काय मिळतंय?"

"काय न्हाय. त्याचा कोड, म्हंजे आतली सगळी लिखापढी, उघडा असतोय, कुणीबी तपासावा. तुमच्या दूधकट्ट्यासारखंच की."

"मग मला कळतोय व्हय त्यो कोड?"

"तुम्हांस्नी न्हाय, पण ज्यास्नी कळतोय ती बघत्यात."

"म्हशीजवळ मी सोता उभारतो, पोरी!"

तरी तिनं हट्टानं टाकलंच. पहिल्याच अर्जाला पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली. "सांगितलं न्हवतं?" आण्णा गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. त्यांची बोटं टाइपरायटरवर घडलेली. अनुजानं कीबोर्डची मांडणी तशी करून दिली आणि गाडी रुळावर आली. मेनू पहिल्यासारखाच खाली डाव्या कोपऱ्यात. प्रिंटर जोडला, तो काही न विचारता चालू झाला. त्यानं तर संशय वाढलाच. इतकं सोपं करून कुणी फुकट कशाला देईल? ह्यात कुणाचा तरी डाव आहे, असं ते मला रोज ऐकवायचे.

डाव होता, पण तो अनुजाचा. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि आपण गेल्यावर आप्पांचं दुकान अडू नये म्हणून तिनं हा खटाटोप केला होता. एका संध्याकाळी तिनं हे आण्णांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना काही म्हणता काही येईना. फाइल सापडेना, प्रिंट निघेना. अनुजा बिचारी पुन्हा पुन्हा शिकवायची. ती जेवायला गेली की हेच आण्णा खडाखडा टाइप करून गिऱ्हाईक वाटेला लावताना मी बघत होतो. मला सणसणून राग आला. लेकीच्या वाटेत आडवा पडणारा बाप कसला! पण शेजारधर्म म्हणून गप्प बसलो.

शेवटी अनुजानं फोन हातात घेतला आणि मला म्हणाली, "पुण्याला कळवते, येत न्हाय म्हणून. आप्पांना जमंना झालंय."

"ठेव त्यो फोन," आण्णा म्हणाले. खुर्ची ओढली, एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाइप केला आणि प्रिंट काढून तिच्या हातात दिली. "येतंय मला. जा तू."

"मग इतके दिस ही नाटकं कशाला, आप्पा?"

आण्णा कीबोर्डवरची धूळ पुसत म्हणाले, "इंडोज हुतं तवा सारखं बंद पडायचं, तुला हाक मारायला निमित्त असायचं. ह्ये बंदच पडंना गं."