मागे मी आहे

ट्रकच्या चाकाखाली जाण्यासाठी इतक्या निष्ठेने झटणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात मी रावेरला एका केळीच्या वखारीत कारकून होतो आणि नाना तिथे हमालांचे मुकादम. माल चढवायच्या ओट्याला लागणारा प्रत्येक ट्रक आपणच मागे घ्यायचा, ही जबाबदारी त्यांना कुणी दिली नव्हती; ती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती, अगदी शब्दशः. ट्रकच्या बरोबर पाठीमागे, ड्रायव्हरला कुठल्याच आरशात दिसणार नाही अशी जागा हेरून ते उभे राहत. ट्रकच्या मागच्या फळीवर, म्हणजे फाळक्यावर, तळहाताची थाप म्हणजे "ये" आणि तोंडाने "बस्स!" म्हणजे थांब. एवढ्यावर आमचं आवार चालायचं. टोपी दोनदा, धोतर एकदा चाकाखाली गेलं, पण नाना जागचे हलले नाहीत.

"नाना, जरा बाजूला उभे राहा हो," मी म्हणायचो.

"मांगं मी आहे म्हनून तं डायवर बिनघोर येतो, भाऊ. मीच सरकलो तं त्यानं कोनाच्या भरोशावर यावं?"

एका थंडीत त्यांचा घसा साफ बसला. घरी थांबतील तर ते नाना कसले! थापा देत त्यांनी ट्रक ओट्यापर्यंत आणला, "बस्स" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा निघाली. मग जिवाच्या आकांताने ते फाळका बडवू लागले. ड्रायव्हरला वाटलं, नाना आज खुशीत आहेत. तो दुप्पट उत्साहाने मागे आला आणि नानांचा उजवा पाय ओटा आणि ट्रक यांच्या मध्ये सापडला.

दवाखान्यात ड्रायव्हर ढसाढसा रडला. नाना कुजबुजले, "रडतं काय रे? थाप पडली, तू आला. चुकलो तं मी."

चौकशीत नेमकं हेच ठरलं. मालकांनी मात्र कळवळून एक पाटी लावली: 'मागे येणाऱ्या गाडीकडे लक्ष ठेवा.' लावली ओट्याच्या भिंतीवर, म्हणजे वाचायची तर गाडीकडे पाठ करायला हवी. नव्या मुकादमाला शिट्टी मिळाली. तो लांब, बाजूला उभा राहू लागला. नाना कुबडी घेऊन आपल्या गावी, आसोद्याला, घरी बसले.

वर्षभराने वखारीची जीप घेऊन त्यांना भेटायला गेलो. निघताना अरुंद बोळातून जीप मागे घ्यायची होती. बोळ मोकळा होता. तेवढ्यात पाठीमागे थाप पडली. आरशात पाहिलं तर कुणीच नाही.

"नाना, बाजूला व्हा!"

"ये भाऊ, बिनघोर ये. मी आहे."

खाली उतरून त्यांना हाताला धरून बाजूला करायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मी क्लचवर पाय ठेवला, श्वास रोखला आणि तसूतसूने, फक्त त्या थापेच्या भरवशावर, मागे येत राहिलो, त्यांचं खणखणीत "बस्स!" कानी पडेपर्यंत.