अनवाणी दाजी

आमच्या दाजींइतक्या कडक शिस्तीनं साखर सांभाळणारा माणूस अख्ख्या वडवणी तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका हट्टीही. लग्नाच्या पंगतीत सगळे बुंदीवर तुटून पडलेले असताना हे घरून आणलेल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खात बसायचे, आणि शेजारच्याच्या पत्रावळीकडं अशा नजरेनं बघायचे, की तो बिचारा बुंदीवर हात धरायचा. जेवण झालं की चकरा. एकदा माझ्या घरी आले आणि बाहेर पाऊस, तर त्यांनी स्वयंपाकघर ते न्हाणी अशा शंभर चकरा मारल्या. माझी बायको भाकरीची दुरडी घेऊन भिंतीला चिकटून उभी. वैर होतं ते फक्त चपलेशी. "मातीला पाय लागला की साखर उतरती," हा त्यांचा स्वतःचा शोध. डॉक्टरांनी बजावलं, माझ्या बहिणीनं, अक्कानं, मऊ चपला आणून दिल्या. दाजी शेतात अनवाणीच.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं गेलतो. अक्काला फरशीवर लाल ठिपके दिसले.

"आवं, हे रगत कुणाचं?"

"मांजराचं असंल," दाजी म्हणाले.

ठिपके त्यांच्याच खुर्चीपाशी येऊन थांबले होते. करंगळीखाली बाभळीचा काटा खोलवर रुतलेला.

"दुखत न्हाई का वो?"

"न्हाई की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

दोन दिवसांत पाय सुजून लाल झाला. अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढली. "लाली हिच्या पुढं गेली तर करंगळी काढावी लागेल. उशीर केला तर पाऊल जाईल."

दिवसभर आम्ही तिघं ती रेघ बघत बसलो. अक्का सारखा चष्मा पुसायची. बोलघेवडे दाजी एकदाच मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "रेघ लईच जवळ वढली न्हाई का रं त्यानं?"

सकाळी लाली बोटभर पुढं सरकलेली होती. करंगळी काढायच्या कागदावर सहीसाठी दाजींनीच हात पुढं केला.

शुद्धीवर येताच म्हणाले, "आजच्या चकरा बुडाल्या." अक्का रडता रडता हसली.

तळव्यांची गेलेली जाणीव आता परत येणार नाही, पाय डोळ्यांनीच जपायचे, असं डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं. दाजी आता घरातही चप्पल घालतात. रोज संध्याकाळी अक्का ओट्यावर बसून त्यांचा पाय मांडीवर घेते, एकेक बोट दाबत विचारते, "कळतंय का?"

"कळतंय की," दाजी दुसरीकडं बघत म्हणतात.

अक्का पुढच्या बोटावर जाते.