सुभेदारांच्या नाचाचं गाणं

आमचं नवरा-बायकोचं शेवटचं भांडण एका गाण्यावरनं झालं. भांडण रोजचंच. त्याशिवाय आम्हाला जेवण गोड लागायचं नाही.

गल्लीतल्या सुभेदारांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. पलटणीत साहेब लोकांचं बघून ते जोडीनं नाचायला शिकले होते, बायकोलाही शिकवलं होतं. आता चार दिवसांनी मंगल कार्यालयात सगळ्या पावण्यांसमोर तिचा हात धरून एकदा नाचायचं, एवढीच त्यांची हौस. सुभेदारकाकूंना धास्ती, गुडघा दगा देईल आणि लोक हसतील. मी जन्मभर लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवलं, डॉल्बी आल्यावर घरी बसलो. म्हणून गाणं निवडायचं काम माझ्याकडं आलं. सुभेदार त्या ढंगाला 'स्विंग' म्हणायचे, आम्ही बँडवाले झुलती चाल म्हणायचो. जुन्या हिंदी पिक्चरात तसली गाणी रग्गड.

टेप स्वयंपाकघरात ठेवला. ही भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "लावा एकेक. त्या तालाला माझा थापायचा हात पुरला तर काकूंचा पाय पुरंल."

"भाकरीवर गाणं पारखतीस व्हय? मग चाळीस वर्षं मी काय गुरं राखली?"

"वाजवलंसा की. नाचलासा कवा?"

खरं होतं. वाजवणाऱ्याला नाचायला कोण सोडतंय?

पहिल्या गाण्याला भाकरी फाटली. "ह्ये बाद." दुसरं माझं लाडकं. मध्ये क्लॅरनेटचा असा तुकडा, की वरातीतलं घोडंसुद्धा मान हलवायचं. तिनं नेटानं हात चालवला, पण कड चिरली. तिसरं जरा सुस्त. त्यावर भाकरी झाली ताटाएवढी, गोल.

"ह्येच द्या."

"ह्येच्यावर म्हस पेंगंल."

"तुमाला तुमचा तुकडा ऐकायचाय. नाचायचंय त्यास्नी."

मी तोंड फिरवलं. मनात ठरवलं, माझं लाडकंच द्यायचं. हिला काय कळतंय? तिनं चिरलेली भाकरी मला वाढली, गोल स्वतःला घेतली. वर म्हणाली, "ज्याची त्याला."

जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. झोपेतच गेली. दिवस मावळायच्या आत पंचगंगेवर सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जायचं म्हणून माणसं दारात जमली. सुभेदार काकूंना घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, नाचाचं रद्द केलं. बरं दिसत न्हाई."

काकू खाली बघत होत्या. मला रागच आला.

"रद्द कशापायी? काल गाणी लावून भाकऱ्या थापल्या तिनं, त्या तुमच्यापायीच की! हात धरा काकूंचा. धरा म्हणतो!"

धरला त्यांनी. मी पायरीवर बसून मांडीवर ताल धरला, माझ्या लाडक्या गाण्याचा. चौथ्या पावलाला काकू अडखळल्या, पदर तोंडाला गेला. मी थांबलो. मग हळू वाजवलं. आणखी हळू. आता पाय नीट पडायला लागले. गुडघ्याकडं बघणाऱ्या काकू मान वर करून नवऱ्याकडं बघायला लागल्या. पावणे बघत होते. बघू देत.

"हीच चाल," मी म्हटलं. "एक थापसुद्धा जास्त न्हाई. तिसरं गाणं हाय."

आत गेलो, टेपमधली कॅसेट काढून सुभेदारांच्या हातात दिली आणि माणसांबरोबर नदीकडं निघालो.