पाणी काठीला लागेपर्यंत

अब्बांचा व्हिसा रविवारी संपत होता आणि शुक्रवारी मी त्यांना वाळवंट दाखवायला घेऊन गेलो. बायकोच्या मते हा शुद्ध गाढवपणा होता. आयुष्यभर होडी चालवलेल्या म्हाताऱ्याला वाळूत घुसळून आणायचं आणि दोन दिवसांनी विमानात बसवायचं, हे तुलाच सुचू शकतं, असं ती म्हणाली. पण जिथे जायचं होतं ते राखीव रान समुद्राला लागून होतं. मुलीने आपल्या फोनवर फोटो पाहून परस्पर बुकिंगसुद्धा केलं होतं. "दादा को सी पसंद है ना, बाबा? देअर इज अ बीच!" असं तिने मला ऐकवलं आणि विषय संपवला.

खरं कारण मी दोघींनाही सांगितलं नव्हतं. मला अब्बांची परीक्षा घ्यायची होती.

अम्मा जानेवारीत गेली. तेव्हापासून ते गावच्या घरात एकटे होते आणि बहीण खाडीपलीकडच्या गावात सासरी. जूनमध्ये तिचा फोन आला की अब्बा गॅस चालू ठेवून मशिदीत गेले, आणि ही दुसरी वेळ. मी त्यांना व्हिजिट व्हिसावर जेद्द्याला आणलं. इथे अझीझियात आमची इमारत आणि मशीद यांच्यात दोन गल्ल्या आहेत. त्या दोन गल्ल्यांत ते दोनदा हरवले. एकदा तर एका न्हाव्याच्या दुकानात चहा पीत बसलेले सापडले, आणि मलाच विचारत होते की तू इथे कसा. त्याच दिवशी दुपारी मात्र त्यांनी मला आमच्या खाडीच्या तोंडापासून बंदरापर्यंतचे सगळे खडक ओळीने सांगितले, कुठला कधी पाण्याखाली जातो त्यासकट.

मग माणूस विसरतोय की नाही? एक दिवस वाटायचं हो, एक दिवस वाटायचं नाही. व्हिसा आणखी वाढत नव्हता. माझी दोन वर्षांतून एकदाची रजा अम्माच्या मयतीला संपली होती. मी विजेच्या सामानाच्या दुकानात सुपरवायझर आहे. माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे तो मालक, माणूस वाईट नाही, पण रजेचं नाव काढलं की त्याचा चेहरा बघवत नाही. एकूण, माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी मला आपण विचार करून ठरवलं असं वाटायला हवं होतं. अब्बा ठीक आहेत हे एकदा दिसलं की मी त्यांना स्वच्छ मनाने एकटं पाठवणार होतो. दिवसभर बरोबर राहायचं आणि गुपचूप बघायचं, एवढाच माझा बेत होता.

पहाटेची फजर पढून निघालो. गाडी मोठी, चारही चाकांना जोर असलेली. गाईड तोच ड्रायव्हर, पन्नाशीचा सौदी, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, बोलणं थोडं अरबी आणि थोडं मोडकं उर्दू. मागच्या सीटवर सरकारी हॉस्पिटलातलं एक डॉक्टर जोडपं होतं, मूळ नागपूरकडचं. बाई हौशी, गळ्यात हातभर लांब कॅमेरा. अब्बांना पुढे बसवलं. ड्रायव्हर त्यांना "हज्जी" म्हणाला तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली.

पहिला तास मजेत गेला. टायरमधली हवा कमी करून गाडी टेकाडांवर चढायची आणि पलीकडे घसरायची. डॉक्टर साहेब दर उताराला डोळे मिटत होते. अब्बा मात्र लाटेवर बसल्यासारखे सैल बसले होते. त्यांनी दूरवरचं हरीण माझ्याआधी पाहिलं. मी मनात एक मार्क दिला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझी अम्मा आली नाय ती?" मी तो मार्क परत घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.

समुद्र दिसला तेव्हा आठ वाजून गेले होते. वाळू संपून पांढुरकं, सपाट मैदान लागलं, पलीकडे तिवराची झुडपं, मग पाणी. झुडपांजवळ गुलाबी पक्ष्यांचा थवा उभा होता. बाईंनी कॅमेरा काढला आणि थोडं जवळ घ्या, थोडं अजून, असं सुरू केलं. ड्रायव्हर कुरकुरला, पण पाहुणा म्हटला की या लोकांना नाही म्हणता येत नाही. त्याने गाडी त्या पांढऱ्या पापुद्र्यावर घातली.

अब्बा म्हणाले, "हे खाजण हाय. खाली गाळ असंल. पुढं घालू नको."

मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं उत्तर एवढंच की त्या दिवशी मी त्यांचं बोलणं ऐकत नव्हतो, तपासत होतो.

शंभर पावलांवर पापुद्रा फुटला आणि गाडी पोटापर्यंत बसली. ड्रायव्हरने फळ्या घातल्या, आम्ही ढकललं, चाकांनी आम्हा सगळ्यांना काळ्या चिखलाने रंगवलं. मग त्याने वायरलेसवर दुसरी गाडी मागवली. "माफी मुश्किल," तो म्हणाला, काही अडचण नाही, तीन तास. त्याने सावलीला कापड ताणलं आणि गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास काढला.

अब्बा खाली बसायला तयार नव्हते. ते पाण्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आज चांद कितवा?"

मी फोनमध्ये पाहून सांगितलं, चौथा.

"चार म्हणजे तीन," ते म्हणाले. "तीनला पूर्ण भरती. म्हणजे नवाला सुकती संपली. आता पाणी वळलं. चल, सगळ्यांना वरती काढ."

हा हिशोब मी लहानपणापासून ऐकलेला आहे. चांदाची तारीख पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही तो येतो आणि कधी चुकत नाही. अब्बा तांडेल होते, चाळीस वर्षं त्यांनी मचवा चालवला. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा बांध आहे. सुकतीला बांध उघडा पडतो आणि होडी आत येऊ शकत नाही. वेळ चुकली की बाहेर नांगर टाकून सहा तास बसायचं. घर समोर दिसतंय, चुलीचा धूर दिसतोय, आणि आत येता येत नाही. म्हणून अब्बांचा खलाशांना एकच हुकूम असायचा, पाणी हाय तवर आत यायचं.

तर हिशोब बिनचूक होता. फक्त समुद्र दुसरा होता. वीस वर्षं इथे काढल्यावर एवढं मलाही ठाऊक आहे की जेद्द्याच्या किनाऱ्याला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी सकाळी जिथे, तिथेच संध्याकाळी. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"दर्या हाय आणि भरती नाय? कुणी सांगितलं तुला?"

आणि मग ते कामाला लागले. गाडीचं मागचं दार उघडून पाण्याचा डबा ओढायला लागले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "उठा, सामान उचला, बाराला पाणी चाकाला लागंल." आवाज असा की बाई खरंच उठून उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हसत पुढे आला, तर त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला टेकाडाकडे ओढायला लागले. गाळात त्यांचा पाय गेला, ते गुडघ्यावर आले, पण मनगट सोडलं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "केव्हापासून होतंय हो असं यांना?"

त्यांनी सहानुभूतीनेच विचारलं होतं. पण माझं डोकं फिरलं. राग त्यांचा आला होता आणि निघाला अब्बांवर.

"अब्बा, गप बसा!" मी ओरडलो. "हा आपला दर्या नाही. इथे तुमचं काही चालत नाही. तुम्हाला आता काही कळत नाही!"

पक्षी उडाले. ड्रायव्हरला मराठी येत नव्हती, तरी त्याने मान खाली घातली. अब्बांनी मनगट सोडलं. लंगडत कापडाखाली जाऊन बसले आणि पायजम्यावरचा चिखल नखाने खरवडत राहिले. आयुष्यात मी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पहिलं दिलं ते परक्या माणसांपुढे, व्हिसा संपायच्या दोन दिवस आधी. मला तिथल्या तिथे त्या गाळात जावंसं वाटलं.

थोड्या वेळाने ते उठले. तिवराची एक सुकी काठी शोधली आणि पाणी आणि गाडी यांच्या मधोमध गाळात उभी रोवली. मचव्यावर असताना किनाऱ्याला लागले की ते हेच करायचे. पाणी काठीला लागलं की निघायची तयारी. काठीसमोर ते उकिडवे बसले.

मी जवळ जायला धजलो नाही. ड्रायव्हर गेला. त्याने गहव्याचा छोटा पेला त्यांच्या हातात दिला आणि स्वतःही शेजारी उकिडवा बसला. दोघे काठीकडे बघत होते. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. पाणी होतं तिथेच होतं. अब्बा मधूनमधून बोटांच्या पेरांवर मोजायचे, चुकलं कुठे ते शोधायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चाळीस वर्षं ज्याच्यावर घर चाललं तो हिशोब होता. मला ते बघवेना. ही विसरायची खूण होती की आठवत असल्याची, ते मला कळत नव्हतं. तिथे दोन डॉक्टर होते, पण त्यांनाही विचारून उपयोग नव्हता.

शेवटी ड्रायव्हरने मला हाक मारली. म्हणाला, "हज्जीला सांग, त्याचं म्हणणं खोटं नाही. इथला समुद्रही येतो. पण सहा तासांनी नाही, सहा महिन्यांनी. उन्हाळ्यात मागे जातो, हिवाळ्यात परत येतो. माझा बाप मासेमारी करायचा, त्याने मला दाखवलंय. जानेवारीत पाणी या काठीला लागेल."

मी अब्बांना सांगितलं.  त्यांनी पुन्हा पेरांवर मोजलं.

"सहा महिने," ते म्हणाले. "मग इथली माणसं घरला कधी जातात?"

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"काठी काढू नको म्हणावं त्याला," ते म्हणाले. "पाणी लागलं की मला फोन कर." मी ते ड्रायव्हरला सांगितलं आणि त्याने माझा नंबर घेतला.

एकच्या सुमारास दुसरी गाडी आली आणि दोराने आम्हाला ओढून काढलं. परतीच्या वाटेवर अब्बांनी मला विचारलं की आपण कुठून येतोय. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ज्या ओरडण्याची माफी मागायची ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. मग मी कशाबद्दल बोलणार होतो?

रविवारी विमानतळावर मी त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवली, गळ्यात नाव आणि बहिणीचा नंबर लिहिलेलं कार्ड अडकवलं. मुंबईला मेहुणा येणार होता. परीक्षेचा निकाल मी शेवटपर्यंत लावला नाही. लावून करणार काय होतो? आत जाताना त्यांनी वळून पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाकडेच बघत होतो.

पुढचे महिने बहिणीचे फोन येत राहिले. ती त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. ते दोनदा होडीत बसून खाडी ओलांडून परत आपल्या घरी गेले. मग घराला कुलूप लावलं. मग ते तिला अम्मा समजायला लागले. मी दर वेळी "बघतो, काहीतरी करतो" म्हणायचो आणि ती दर वेळी "बरं" म्हणायची. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की मी काय करणार.

जानेवारीत एका सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा फोनवर व्हिडिओ आला. नंबर त्या ड्रायव्हरचा. सपाट, चमकणारं पाणी, आणि मध्ये वीतभर बुडालेली ती काठी. मागून त्याचा आवाज, "हज्जीला सांग."

मी लगेच बहिणीला फोन लावला. तिने फोन अब्बांच्या कानाला धरला.

"कोण?"

"मी, अब्बा. जेद्द्याहून."

 बहीण मागून सांगत होती, तुमचा मुलगा, तुमचा मुलगा. श्वास ऐकू येत होता, बस.

"अब्बा," मी म्हटलं, "पाणी काठीला लागलं."

मग मला तो आवाज ऐकू आला, जो मी लहानपणी बंदरावरून ऐकायचो.

"मग बघतोस काय? नांगर उचल. पाणी हाय तवर आत ये."

"येतो," मी म्हटलं.

रजेला अजून वर्ष होतं.